हिरामणच्या मापाचा सूट

"अंकल, तुम्हाला थ्री-पीस चालेल ना?" असं भाविकाने विचारलं आणि हिरामण "चालेल" म्हणाला. बिघडलं ते तिथेच.

खरं तर त्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं, कारण न्हावा शेवा बंदराच्या गेटवर त्याचा एक ट्रेलर अडकला होता. उरलेलं अर्धं समोरच्या भज्यांमध्ये होतं. थ्री-पीस हा जेवणातला काहीतरी प्रकार असावा, म्हणजे पाहुण्यामागे तीन तुकडे, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली. आपल्या उरणकडच्या माणसाला तीन तुकडे म्हणजे चेष्टाच, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण शिकलेल्या पोरीशी हुज्जत कशाला, म्हणून तो मोठ्या मनाने "चालेल" म्हणाला.

भाविका ही त्याचा मुलगा निकेत याच्या रिसेप्शनची व्यवस्था बघणारी मुंबईची मुलगी. व्यवस्था म्हणजे मांडव, जेवण, खुर्च्या नव्हे. ती कामं माणसं करतात. भाविका 'थीम' करायची. अलिबागच्या अलीकडे किनाऱ्यावरचा एक रिसॉर्ट तिने ठरवला होता आणि थीम होती विंटेज.

"विंटेज म्हंजे?" हिरामणने विचारलं.

"म्हणजे सगळं जुनं वाटलं पाहिजे, अंकल. पण जुनं नसलं पाहिजे."

हिरामणने मान डोलावली. त्याच्याकडे दोन ट्रेलर असे होते की जे जुने वाटायचे आणि जुनेच होते, पण त्यांना कोणी कधी थीम म्हटलं नव्हतं.

त्या रात्री निकेतने फोनवर थ्री-पीसचं चित्र दाखवलं. खाली पँट, वर कोट आणि कोटाच्या आत एक जाकीट. जाकिटाच्या खिशातून घड्याळाची साखळी लोंबलेली. हे सगळं घालून एक गोरा माणूस धुक्यात उभा होता. रिसेप्शन होतं मे महिन्यात, समुद्रकिनारी. धुक्याची सोय भाविकाने मशीनने केली होती. थंडीची केली नव्हती.

"हा मना घालायचाय?" हिरामण म्हणाला. तीस वर्षं या माणसाने पांढरा शर्ट आणि पांढरी पँट सोडून अंगाला काही लागू दिलं नव्हतं. तो लांबून येताना दिसला की लोक म्हणायचे, आला हिरामणशेठचा शर्ट.

"तुम्हीच चालेल बोललात ना, पप्पा."

एवढ्यावर मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी व्याही हरेश्वर यांचा फोन आला. हरेश्वर हे निवृत्त बँक मॅनेजर, त्यामुळे ते साध्या गोष्टीही कर्ज नामंजूर केल्यासारख्या आवाजात सांगत. "आमचा सूट शिवून झाला हो, मुंबईला. तुमचं कसं काय? नाही जमलं तर सांगा. साधा सफारीही चालतो कुणाकुणाला."

"जमलं म्हंजे?" हिरामण उसळला. "माझा असा बसेल की बघत राहाल!"

फोन ठेवल्यावर त्याची बायको गोदू म्हणाली, "कुठं बसेल? पोटावं?"

मग शोध सुरू झाला. पनवेलच्या एका चकचकीत दुकानात विक्रेत्याने हिरामणला वरून खाली पाहिलं आणि तोंडातला च्युइंगम क्षणभर थांबवला. दुकानात सगळं स्लिम फिट होतं. मोठ्या मापातही स्लिम फिटच होतं. म्हणजे जाड माणसाने बारीक असल्यासारखं जाड असावं, अशी कंपनीची अपेक्षा होती. जाकिटाचं मधलं बटण लावायला दोघे जण लागले.

"सर, श्वास थोडा वर घ्या."

हिरामणने घेतला.

"परफेक्ट! एकदम हिरो."

"आनि... सोडायचा... कवा?"

"फोटो होईपर्यंत थांबायचं, सर. सगळे तसंच करतात."

दुसऱ्या दुकानात 'कम्फर्ट फिट' मिळाला. तो पोटावर बसला, पण त्याचे खांदे हिरामणच्या कोपरांशी येऊन टेकले. पोट एवढं आहे म्हणजे खांदेही एखाद्या दरवाजाएवढे असणार, हा शिवणाऱ्याचा हिशेब. पोट हा माणसाचा स्वतंत्र उद्योग असू शकतो आणि बाकीच्या शरीराची त्यात भागीदारी नसते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "अल्टर करून देऊ," विक्रेता म्हणाला आणि त्याने खांद्यांना टाचण्या लावल्या. टाचण्या लावलेला हिरामण आरशात तंतोतंत बुजगावण्यासारखा दिसला. गोदूने फोटो काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला.

तिसरा प्रयत्न ऑनलाइन. गोदूने माप घेतलं. टेप पोटाला पुरेना म्हणून तिने तिथून पुढे परकराची नाडी जोडली आणि मग नाडी मोजली. पार्सल आलं तेव्हा कोट खरा होता, पँट खरी होती, पण जाकिटाला पाठच नव्हती. पुढून लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखा एक तुकडा आणि मागे इलास्टिक. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'थ्री-पीस लुक'. लुकच हवा असता तर हिरामण घरी बसून चित्र बघत राहिला असता.

राहता राहिला टेलर. उरण बाजारात तो फिरला तर टेलर नावाचे जे कोणी उरले होते ते फक्त पँटी आखूड करत होते. एक जण म्हणाला, "सूट नाय शिवत शेठ, शिवलेली नऊवारी पाहिजे तर देतो. फिटिंगची ग्यारंटी."

घरी येऊन हिरामण खुर्चीत बसला. निकेत शेजारी येऊन टेकला. पोरगा वाईट नव्हता. तो अगदी हळू म्हणाला, "पप्पा, राहू दे ना. तुमचा पांढरा शर्टच घाला. फक्त ग्रुप फोटोत जरा मागच्या रांगेत उभे राहा. म्हणजे थीम... समजलं ना?"

हिरामण म्हणाला, "समजला." आणि त्या रात्री तो नीट जेवला नाही. त्याचं पोट पाहता ही घटना साधी नव्हती. गोदू घाबरलीच. नवऱ्याची चेष्टा करायचा हक्क तिचा. पण त्याला मागच्या रांगेत उभं करायचा हक्क तिने पोटच्या पोरालाही दिलेला नव्हता.

तिने हे दुःख दुसऱ्या दिवशी सोनाबाईजवळ काढलं. सोनाबाई ही थळची म्हातारी कोळीण. रेवसहून लाँचने उरणकडच्या करंजाला यायची आणि दारोदार सुकट-बोंबील विकायची. गोदूची ती कायमची. सोनाबाईने सगळं ऐकून घेतलं, वाटाभर सुकट जास्त घातली आणि म्हणाली, "सूट ना? हाय माझे घरा. आमच्या यांचा. कोट, पँट, आत जाकीट, सगला हाय. येवदे त्याला बघाया."

हिरामण पहिल्याच लाँचने निघाला. थळमध्ये कारखान्याच्या धुराड्यांकडे पाठ करून, वाळत घातलेल्या बोंबलांच्या दांड्यांखालून वाकत तो सोनाबाईच्या घरी पोचला. तिने पत्र्याची ट्रंक उघडली. आधी डांबराच्या गोळ्यांचा वास आला, मग त्याला ढकलून सुकटीचा वास पुढे आला आणि मग सूट आला. गडद तपकिरी, बारीक चौकडीचा, लोकरीचा. पानाएवढी रुंद कॉलर. जाकिटाला पाठसुद्धा होती, तीही चमकणाऱ्या कापडाची.

हिरामणने श्वास कुठे घ्यायचा हे ठरवून आधी जाकीट चढवलं. बटण लागलं. दुसरं लागलं. सगळी लागली आणि श्वास होता तिथेच राहिला! खांदे खांद्यांवर आले, पँट पोटाच्या वरून जाऊन जाकिटाखाली गुपचूप मिळाली. त्याला झोपेत मोजून कुणीतरी शिवला असावा, इतका तो सूट त्याचा होता. भिंतीवरचा आरसा दाढी करण्याएवढाच होता, त्यामुळे हिरामणने स्वतःला हप्त्याहप्त्याने पाहिलं. आधी कॉलर, मग मान उंच करून पोट, मग स्टुलावर चढून गुडघे. सगळेच हप्ते त्याला आवडले.

मागे सोनाबाईने पदर तोंडाला लावला होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हिरामणला भरून आलं. बिचारीला नवरा आठवला असणार.

"मावशी, भाडं सांगा."

"भाडा-बिडा काय नको. पन सूट जाईल तिथं मी येनार. यांची एवढीच आठवन हाय माझेकडं. डोला ठेवाया पायजे."

"या की! जेवायलाच या," हिरामण म्हणाला. ('चालेल' म्हणण्यातून माणूस काही शिकत नाही, तो असा.)

रिसेप्शनच्या दिवशी संध्याकाळी सोनाबाई ट्रंकेसह रिक्षातून उतरली. हिरवं लुगडं, अंबाड्यावर गजऱ्याचा ढीग, कानात आणि गळ्यात होतं नव्हतं ते सगळं सोनं. धुक्याच्या मशीनशी झटत असलेली भाविका धावत आली. "माय गॉड, किती ऑथेंटिक! आजी, तुमचा स्टायलिस्ट कोण?"

"मुंबादेवी," सोनाबाई म्हणाली.

हिरामण सूट घालून बाहेर आला आणि खरोखर माणसं वळून बघू लागली. ज्या भाच्यांनी त्याला कधी नमस्कार केला नव्हता ते सेल्फी मागायला लागले. निकेत तर स्टेजवरून उडी मारून आला. "पप्पा! कुठून शिवलात?"

हिरामण खरं सांगणारच होता. पण तेवढ्यात निकेतला फोटोवाल्याने हाक मारली आणि शेजारी हरेश्वर येऊन उभे राहिले. त्यांचा मुंबईचा सूट त्यांच्या अंगावर होता आणि ते बोटभर उंच श्वासावर उभे होते, हे हिरामणच्या अनुभवी नजरेने ताबडतोब टिपलं.

"आहे एक," हिरामण म्हणाला. "आमचा... घराण्याचा टेलर."

"घराण्याचा? वा. नाव काय त्यांचं?"

हिरामण नाव शोधत असतानाच मागून आवाज आला. "ए, हात वर नको करू! काखंत उसवल!"

हरेश्वरांनी सोनाबाईकडे पाहिलं. हिरामणला एवढ्या लोकांत 'ए' म्हणणारी, एवढं सोनं घातलेली म्हातारी बाई. त्यांनी चटकन हिशेब केला आणि वाकून तिचे पाय धरले. वाकताना 'टक्' असा आवाज झाला. त्यांच्या जाकिटाचं एक बटण निघून वाळूत गेलं.

"आई, आशीर्वाद द्या. तुमची ओळखच करून दिली नाही यांनी."

हिरामणने तोंड उघडलं. आई नाही म्हटलं तर कोण, हे सांगावं लागणार. कोण ते सांगितलं तर सूट कुणाचा, हे सांगावं लागणार. त्याने तोंड मिटलं.

"सुखी राव," सोनाबाई म्हणाली. पाया पडणाऱ्याला ती का अडवील?

झालं! व्याह्यांनी आपल्या मंडळींना बोलावलं, रांग लागली. निकेतसकट उरणकडच्यांना वाटलं, ही व्याह्यांकडची कोणी म्हातारी, आणि तेही रांगेत शिरले. कोणीतरी 'आईं'साठी स्टेजवर सोफा नेला. इकडे गोदूने नवऱ्याला फुलांच्या कमानीमागे गाठलं.

"माझी सासू जाऊन किती वरसा झाली?"

"हळू बोल."

"आनि ती आज स्टेजवं बसून आइसक्रीम खाते! मला सांगते, सूनबाई, पानी आन. आनि मी आनला!"

"मग तूच सांग सगळ्यांना, सूट मागून आणलाय म्हणून."

गोदूने स्टेजकडे पाहिलं. व्याह्यांचं पोट त्या तुटक्या बटणाच्या जागेतून हळूच बाहेर डोकावत होतं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि ती मुकाट्याने आणखी एक आइसक्रीम घेऊन सासूबाईंकडे गेली.

पण सोफ्यावरूनही सोनाबाईचा सुटावरचा डोळा हलला नव्हता. हिरामण खुर्चीकडे वळला की हुकूम सुटे, "बस नको, गुडघं फुगतील!" त्याने कोळंबीची प्लेट उचलली तर, "ठेव ती, त्याल गलंल!" व्याह्यांकडचे पाहुणे कौतुकाने म्हणत, बघा, एवढा मोठा धंदा आहे पण अजून आईच्या शब्दाबाहेर नाही. मे महिन्याच्या त्या दमट हवेत लोकरीच्या आत हिरामण मंद आचेवर शिजत होता. घाम पाठीवरून निघून बुटांत जमत होता. आणि लोकर जशी तापली तशी तिच्यातली सुकट जागी झाली. रिसॉर्टची मांजरं एकेक करून आली आणि त्याच्या मागे रांगेने फिरू लागली. भाविकाने वास घेतला. "अंकल, कुठलं परफ्यूम आहे? खूप... कोस्टल आहे."

मग डीजेने हळदीचं गाणं लावलं. उरणकडच्या लग्नात नवऱ्याचा बाप नाचला नाही तर लग्न झालं की नाही याबद्दल गावाला शंका येते. पोरांनी हिरामणला ओढून मधे नेलं. त्याने स्टेजकडे असहायपणे पाहिलं.

"नाच," सोनाबाईने परवानगी दिली. "पन कोट नको हलवू!"

आता कोट न हलवता नाचायचं म्हणजे काय उरलं? गुडघ्यांपासून खाली. हिरामणने हात शरीराला चिकटवले, मान ताठ ठेवली आणि फक्त पावलं चालवली. वरचा हिरामण पुतळ्यासारखा गंभीर आणि खालचा तापल्या वाळूवर सोडल्यासारखा. भोवती मांजरं. मग कोणीतरी शिट्टी वाजवली, पोरांनी हात चिकटवले, भाविका ओरडली, "रेट्रो स्टेप!" आणि सगळं मैदान कंबरेच्या वर मेल्यासारखं आणि कंबरेखाली पेटल्यासारखं नाचू लागलं. हरेश्वरसुद्धा. त्यांची उरलेली बटणं त्यात गेली.

ग्रुप फोटोच्या वेळी हिरामण ठरल्याप्रमाणे मागे जाऊन उभा राहिला. निकेतने त्याचा हात धरून त्याला पुढे आणलं, मधोमध. त्याची कॉलर सरळ केली. "पप्पा," तो म्हणाला, "आज तुमच्यासमोर मीच भाड्याने आणल्यासारखा दिसतोय." हिरामणच्या डोळ्यांत पाणी आलं. घामात ते कुणाला वेगळं कळलं नाही, हे बरं झालं.

'आईं'ना समुद्राकडची खोली मिळाली. सकाळी नाश्ता झाल्यावर हिरामण आणि गोदू गाडीने तिला थळला सोडायला गेले. सूट ट्रंकेत होता. सोनाबाईने तो पहाटेच उठून समुद्राच्या वाऱ्यावर धरून, घडी घालून ठेवला होता. निघताना हरेश्वरांनी पुन्हा पाय धरले होते आणि घराण्याच्या टेलरचं नाव पुन्हा विचारलं होतं.

सोनाबाईने चहा टाकला. हिरामण आपल्या पांढऱ्या शर्टात ऐसपैस बसला. मन अगदी भरलेलं होतं. मागच्या खेपेला त्याने या घरात एकच गोष्ट पाहिली होती, ती म्हणजे आरशातला हिरामण. आज त्याला आरशाशेजारी हार घातलेला एक फोटो दिसला. लुकडासुकडा माणूस, गालफडं बसलेली, शर्ट हँगरला अडकवल्यासारखा.

"हे कोण, मावशी? धाकटे दीर?"

"दीर कशाला? आमचे हे."

हिरामणने फोटो पाहिला. मग ट्रंक पाहिली. मग पुन्हा फोटो.

"आजारी होते का तेव्हा?"

"नाय रं. कायम असंच. मासली सुकवावी तसं. वारा सुटला का मी यांना होडीवं सोडीतच नव्हते."

"पण मग सूट..."

"तो तर नाटकातला!" सोनाबाई कौतुकाने म्हणाली. "शिमग्याला गावात नाटक व्हायचा. यांना दर साली एकच काम, ढेऱ्या सावकाराचा. लोकांना हसवाया. यांनी स्टेजवं पाय ठेवला का सगला गाव पोट धरून हसायचा. पोटावं उशा बांधायच्या दोन, आनि मंग चढवायचा सूट."

चहा उतू गेला, पण कुणी उठलं नाही. गोदूने आधी नवऱ्याच्या पोटाकडे नीट पाहून घेतलं.

"दोन उशा?" तिने विचारलं.

"दोन," सोनाबाई म्हणाली. "आनि तरी पुढून जरा सैलच पडायचा."